तिशरीतला वसंत : रिकार्टनची फुले आणि आपली गावे



माझी नात न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्च शहराच्या रिकार्टन भागात राहते. तिची माझी प्रत्यक्ष भेट होऊन तीन वर्षे झाली. यंदा पुरीमनंतर तिचा फोन आला, "आजी, आता तरी ये. फुलं बघायला ये."

मी म्हणाले, "मग पेसाहला येते. आवीवचा महिना, फुले असतीलच."

ती हसली. "आजी, पेसाहला इथे पानगळ असते. फुलं हवी असतील तर तिशरीत ये."

फोन ठेवला आणि मी विचारात पडले. पेसाह म्हणजे वसंत हे आपण लहानपणापासून धरून चाललो आहोत. तोरामध्येच आवीव महिन्यात पेसाह पाळण्याची आज्ञा आहे. हा सण वसंतातून निसटू नये म्हणून आपल्या पंचांगात १९ वर्षांत सात वेळा दुसरा अदार महिना घालतात. आणि माझी नात अशा ठिकाणी जाऊन राहिली आहे, की तिथे पेसाहला झाडे पिवळी पडतात आणि सुक्कोथला बहरतात. प्रवासाची तयारी म्हणून मी त्या गावाचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता त्यात आपलाही इतिहास सापडत गेला. तो आपल्या मंडळींना सांगावासा वाटला, म्हणून हा लेख.

उलट्या ऋतूंचा जुना प्रश्न

हा प्रश्न माझ्या नातीपासून सुरू झालेला नाही. १६३०च्या दशकात ब्राझीलमधील रेसिफे येथे हॉलंडहून गेलेल्या ज्यू लोकांची वस्ती झाली. तिथले पावसाळे आणि उन्हाळे आपल्या प्रार्थनेशी जुळेनात. ज्या दिवसांत आपण पाऊस मागतो, त्या दिवसांत तिथे पाऊस नुकसान करतो. त्यांनी सालोनिकाचे रब्बी हाइम शब्ताई यांना पत्र लिहून विचारले, की आम्ही पाऊस केव्हा मागावा? जिथे पाऊस अपाय करतो तिथे तो मागू नये, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. विषुववृत्तापलीकडून आलेल्या पहिल्या धार्मिक प्रश्नांत याची गणना होते. ही गोष्ट जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीची.

पण त्याहीपूर्वी आपले पूर्वज कोकणात हाच प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवून बसले होते. त्यांच्यापाशी पुस्तके नव्हती आणि विचारायला रब्बी नव्हते. आठवणीत राहिलेले सण त्यांनी कोकणच्या शेतीत बसवले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी बेने इस्राएलांच्या इतिहासात ती जुनी नावे नोंदून ठेवली आहेत. हा ग्रंथ त्यांनी १८९७ साली लिहून पुरा केला आणि तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. तिशरीच्या पहिल्या दिवशी नव्याचा सण. चौथ्या दिवशी खिरीचा सण. नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर, धूप आणि शेमा. दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण आणि अकराव्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि आप्तेष्टांच्या घरी जायचे.

नव्याचा सण! नवे भात हाताशी येण्याचे दिवस ते. ज्यांचे बालपण अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहा या बाजूला गेले आहे, त्यांनी डोळे मिटून ते दिवस आठवावेत. पाऊस ओसरत आलेला, बांधांवर तेरडा फुललेला, डोंगरउतारावर सोनकीचे पिवळे गालिचे, खाचरांत लोंब्या वाकलेल्या. साताऱ्याजवळचे कासचे पठार पाहायला आज सगळ्या महाराष्ट्रातून गर्दी होते. त्या फुलांचा हंगामही ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे आपला एलूल आणि तिशरी. माझी आजी तिशरीला फुलांचाच महिना समजत असे. तिला त्यात काही उलटे वाटले नाही.

उलटे मला वाटले, कारण मी इस्राएलमध्ये साठ वर्षे काढली. इथे तिशरीत जमीन कोरडी ठणठणीत असते. उन्हाळा संपत आल्याची खूण म्हणून तेवढा हत्सावचा पांढरा तुरा उभा राहतो. खरी फुले येतात ती शेवात आणि अदारमध्ये. बदाम आधी फुलतो, मग उत्तर नेगेवमध्ये लाल कलानियोत पसरतात, एला खोऱ्याजवळच्या टेकडीवर निळे तुर्मोस येतात. आम्ही १९६०च्या दशकात इथे आलो, तेव्हाच रानफुले तोडू नका ही मोहीम जोरात होती. त्याआधी लोक कलानियोतचे भारेच्या भारे घरी नेत. मग कायदा झाला, शाळाशाळांतून भित्तिपत्रके लागली, आणि मुलांनी आईबापांचे हात धरले. माझ्या थोरल्या मुलाने मला एकदा भर रस्त्यात, "इमा, असूर!" म्हणून थांबवले होते. हातातले फूल लपवायला मला जागा सापडेना.

तर तिशरीत फुले पाहायला जाणे म्हणजे माझ्यासाठी आजीच्या तिशरीकडे परत जाणे आहे. एवढे मनाशी ठरले आणि मी रिकार्टनकडे वळले.

गावाला नाव देणारे आणि गावाचे नाव घेणारे

रिकार्टन हे नाव मुळात स्कॉटलंडमधले. तिथल्या एअरशायर परगण्यातील रिकार्टन गावचे विल्यम आणि जॉन डीन्स हे दोघे भाऊ १८४३ साली कँटरबरीच्या मैदानात येऊन राहिले. ख्राइस्टचर्च शहराचा तेव्हा पत्ता नव्हता. इंग्रज वसाहतवाल्यांची पहिली चार जहाजे आली ती १८५० च्या डिसेंबरात. डीन्स बंधूंनी १८४३ साली बांधलेले लहानसे लाकडी घर आजही उभे आहे. त्या मैदानातील सर्वांत जुनी इमारत ती हीच.

त्यांनी घर बांधले ते एका रानाच्या कडेला. मैदानावर दूरवर गवत आणि दलदल, आणि मध्येच उंच झाडांचे हे एक बेट. माओरी लोक त्याला पूतारिंगामोतू म्हणत. नाई ताहू या त्यांच्या जमातीची माणसे पिढ्यान् पिढ्या तिथे पक्षी आणि ईल मासे मिळवत. डीन्स बंधूंनी आधी या माओरींकडून जमीन भाडेपट्ट्याने घेतली होती. पुढे १८४८ साली सरकारने दक्षिण बेटाचा प्रचंड भाग नाई ताहूंकडून अवघ्या २,००० पौंडांत लिहून घेतला. त्यांच्यासाठी राखीव ठेवायचे कबूल केलेले पुरते दिले नाही. त्या अन्यायाची दाद लागायला दीडशे वर्षे गेली. १९९८ च्या कायद्याने सरकारने नाई ताहूंची माफी मागितली आणि भरपाई दिली. फुलांच्या गावाचा इतिहास सांगताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

डीन्स बंधूंनी त्या रानाला आणि शेताला आपल्या गावचे नाव दिले, रिकार्टन. जवळून वाहणाऱ्या ओताकारो नदीला नाव पडले एव्हन, तेही त्यांच्या मायदेशातल्या एका ओढ्याचे. शेजारच्या मोठ्या उद्यानाला हॅगली म्हणतात. ते इंग्लंडमधल्या एका लॉर्डच्या वाड्याचे नाव. घर सोडून आलेल्या माणसांनी नव्या जमिनीवर जिकडे तिकडे घराची नावे लिहून ठेवली.

हे वाचताना मी थांबले. आपल्या पूर्वजांनी काय केले? नौगावच्या किनाऱ्याला जहाज फुटले, वाचलेली माणसे वर आली, तेल गाळू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवू लागली. त्यांनी कुठल्या गावाला आपल्या सोडलेल्या गावाचे नाव दिले? एकाही नाही. उलट ज्या गावाने आसरा दिला त्या गावाचे नाव त्यांनी स्वतःला लावले. किहीमचे ते केहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. अशी शंभराहून अधिक गावे आपल्या आडनावांत आहेत. आज त्यांतल्या बहुतेक गावांत आपले एकही घर नाही, पण लोद, रामला, दिमोना, अश्दोदच्या टपालपेट्यांवर ती गावे लिहिलेली आहेत.

डीन्स बंधूंपेक्षा आपण थोर, असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यामागे एक साम्राज्य होते आणि आपल्यामागे बुडालेले जहाज, हा फरक मोठा आहे. पण गाव सोडलेला माणूस काहीतरी धरून ठेवतो, हे दोन्हीकडे खरे. आता तिथल्या फलकांवर रिकार्टनच्या जोडीला पूतारिंगामोतू हे जुने नावही लिहितात. ते बरे झाले.

एका विधवेने राखलेले रान

डीन्स घराण्याची पुढची हकिगत आपल्या बायकांनी वाचण्यासारखी आहे. विल्यम १८५१ साली जहाज बुडून गेला. जॉन स्कॉटलंडला जाऊन जेन नावाच्या मुलीशी लग्न करून तिला घेऊन आला. १८५३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि १८५४ मध्ये जॉन क्षयाने वारला. मरताना त्याने हे रान कायम राखायला सांगितले. जेन तिशी ओलांडलेली, परक्या देशात, कडेवर वर्ष न भरलेले मूल. नव्या शहराला घरे बांधायला आणि चुली पेटवायला लाकूड हवे होते. आजूबाजूची झाडी भराभर तुटत होती, आणि या रानाचाही मोठा वाटा त्यात गेला. जेनने मुलगा वयात येईपर्यंत वीस वर्षे शेती चालवली, घर वाढवले, घराभोवती आपल्या देशची झाडे लावली, आणि उरलेल्या रानाला कुऱ्हाड लागू दिली नाही. उतारवयात तिने आपल्या आठवणी नातवंडांसाठी पत्रांच्या रूपाने लिहून ठेवल्या. त्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या. ती १९११ साली वारली, आणि १९१४ साली कुटुंबाने सुमारे १६ एकरांचे ते रान कँटरबरीच्या जनतेला देऊन टाकले.

आता गंमत ऐका. फुले पाहायला निघालेल्या माणसाला तिथे फुले दिसत नाहीत! त्या रानातले मुख्य झाड काहिकाटेआ. काही झाडे सहाशे वर्षांची आहेत, पण हे झाड चीड-देवदाराच्या जातकुळीतले, त्याला आपण फूल म्हणतो तसे फूल येतच नाही. तरी नात म्हणते, "आजी, आपण सुरुवात तिथूनच करायची." पायवाट सपाट आहे आणि हळूहळू चालले तरी अर्ध्या तासात फेरी होते. प्रवेशाला पैसे नाहीत. उंदीर, मांजर आत जाऊ नये म्हणून २००० साली भोवती खास कुंपण घातले आहे. शनिवारी तिथे घराच्या आवारात शेतकऱ्यांचा बाजार भरतो; आपल्याला शब्बाथ, म्हणून दुसरा कुठलाही वार चांगला.

राणीची बाग आणि राजपुत्राचा ओक

रिकार्टनच्या पूर्वेला लागूनच हॅगली उद्यान आहे. १८५५ साली तिथल्या प्रांतिक सरकारने ही जागा कायमची लोकांसाठी राखून ठेवली. सुमारे १६५ हेक्टर! शहर भोवती वाढले, पण मधली ही जागा मोकळी राहिली. उद्यानाच्या कुशीत वनस्पती उद्यान आहे. त्याचा आरंभ ९ जुलै १८६३ रोजी एक ओक लावून झाला. राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाचे लग्न झाले होते, त्याची ती आठवण.

हे वाचून मला भायखळ्याची राणीची बाग आठवली. ती १८६२ सालची, म्हणजे एक वर्षाने थोरली. नागपाडा, उमरखाडी, जेकब सर्कल इथे राहिलेल्या आपल्या मंडळींना त्या बागेचे वर्णन सांगायला नको. दाराशी डेव्हिड ससून यांच्या पैशाने उभारलेला घड्याळाचा मनोरा आहे. आम्ही मे महिन्यात लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून मावशीकडे राहायला जायचो, तेव्हा राणीच्या बागेची एक फेरी ठरलेली असे. हत्ती पाहायचा, शेंगदाणे खायचे, आणि मावशी आम्हाला एकेका झाडाखाली उभे करून नाव विचारायची. चुकले की पुढच्या पुडीतले दाणे कमी!

त्याच सुमाराला ख्राइस्टचर्चमध्ये आपले लोकही येऊन पोहोचले होते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर सोने सापडले आणि त्यामागे व्यापारी आले. १८६४ साली ग्लॉस्टर रस्त्यावर लाकडी सिनेगॉग झाले आणि १८८१ साली त्याच रस्त्यावर दगडी. शहर तेव्हा किती लहान असेल! तरी त्याच शतकात चार्ल्स लुइसन हे ज्यू गृहस्थ दोनदा शहराचे महापौर झाले. दगडी सिनेगॉग १९८७ मध्ये पाडले गेले. मंडळी कमी झाली होती. पण छोटी केहिला आजही आहे, आणि सुक्कोथला नात तिकडेच जाते.

उद्यानातल्या फुलांचे वेळापत्रक तिने मला लिहून पाठवले आहे. सप्टेंबरमध्ये झाडांखाली डॅफोडिल. ही लागवड १९३३ सालापासूनची. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हार्पर अव्हेन्यूच्या कडेला चेरीचा पांढरा-गुलाबी बहर. मग ब्लूबेल, अझेलिया आणि रोडोडेंड्रॉन, ऑक्टोबरभर आणि पुढेही. गुलाब नोव्हेंबरमध्ये. त्या मातीतले स्वतःचे फूल पाहायचे तर कोफाई. ऑगस्ट ते ऑक्टोबर पिवळ्या घोसांनी लगडते. आपल्या बहाव्याच्या आणि पांगाऱ्याच्याच कुळातले झाड. ते फुलले की पेरणी-लावणीचे दिवस आले, असे माओरी समजत. आमच्याकडे शेतकरी झाडे पाहूनच पावसाचा अंदाज बांधत, तसेच हे.

नदीकाठी मोना व्हेल नावाची आणखी एक बाग आहे. १९०५ साली ॲनी टाऊनएंड या श्रीमंत बाईने ते घर विकत घेतले आणि आपल्या आईच्या टास्मानियातल्या जन्मस्थानाचे नाव त्याला दिले. पुन्हा तेच! १९६०च्या दशकात ते पाडून तुकडे विकण्याची वेळ आली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून, नगरपालिकांच्या मदतीने ते वाचवले. गुलाब, आयरिस आणि नदीकाठचा बाक, एवढे आमच्या वयाला पुष्कळ.

डीन्स रस्त्यावरून जाताना

हॅगली उद्यानाच्या पश्चिम कडेने जाणारा रस्ता डीन्स अव्हेन्यू. त्याच डीन्स घराण्याचे नाव. या रस्त्यावर अल नूर मशीद आहे. १५ मार्च २०१९ च्या शुक्रवारी एका माथेफिरूने तिथे आणि लिनवुडच्या मशिदीत नमाज पढणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. ५१ माणसे गेली. त्या शब्बाथला न्यूझीलंडमधली सिनेगॉगही बंद राहिली. शहरातल्या लोकांनी फुले आणली आणि वनस्पती उद्यानाच्या भिंतीशी ठेवली. भिंतीच्या कडेने लांबच लांब फुलांचा ढीग लागला. ज्या बागेची फुले पाहायला मी चालले आहे, त्याच बागेची ही भिंत.

आपण कोकणात मुसलमान शेजाऱ्यांबरोबर पिढ्या काढल्या. आपले जुने लोक सिनेगॉगलाही मशीदच म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधलेल्या शार हारहमीमवरून मशीद बंदर हे नाव पडले, असे आपले वडीलधारे सांगत आले. मी नातीला सांगितले आहे, की त्या रस्त्याने जाऊ तेव्हा दारापाशी क्षणभर थांबू.

लुपिनची भुरळ आणि विमानतळावरची तपासणी

ख्राइस्टचर्चहून तीन तासांवर टेकापो तलाव आहे. निळे, जांभळे, गुलाबी लुपिन आणि मागे बर्फाचे डोंगर, असे चित्र आपण कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर पाहिले असेल. लुपिन म्हणजे आपल्या तुर्मोसचेच भाऊबंद. पण ते रान नव्हे. १९४९ साली तिथल्या गॉडली पीक्स या मेंढपाळीच्या शेतावरील कॉनी स्कॉट या बाईने सुमारे शंभर पौंडांचे बी विकत घेतले, नवऱ्यापासून बिल लपवले, आणि रस्त्याच्या कडेने उधळत गेली. रस्ता सुंदर व्हावा, एवढाच तिचा हेतू. पण हे बी नद्यांच्या वाळवंटात पसरले. तिथल्या मोकळ्या गोट्यांवर अंडी घालणाऱ्या काकी नावाच्या दुर्मीळ काळ्या पक्ष्याची जागा त्याने व्यापली. हो, काकीच! आता एकीकडे प्रवासी लुपिनचे फोटो काढतात आणि दुसरीकडे वनखात्याची माणसे तेच उपटतात. लुपिन फुलते नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे किस्लेवमध्ये. माझ्या यादीतून ते आपोआप गळाले.

या अनुभवामुळेच तो देश बाहेरच्या बियांना फार भितो. ज्येष्ठांनी हे नीट लक्षात ठेवावे. विमानातून उतरताना खाण्याची, लाकडाची, बियांची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. एखादे सफरचंद पिशवीत विसरून राहिले तरी ४०० डॉलर दंड होतो. मलिद्यासाठी पोहे, मसाला, सब्जाचे बी न्यायचे मनात असेल तर तसे लिहून द्या. अधिकारी पाहून ठरवतील. एत्रोग आणि लुलाव इकडून नेऊ नका. तिथल्या केहिलाला आधी कळवून ठेवा. माझ्या बाल्कनीत कढीपत्ता आणि सब्जा आहे, त्याची एक काडी नातीसाठी न्यावी असे फार वाटत होते. नेणार नाही. कॉनीबाईंचे बिल अजून फिटलेले नाही!

घरे गेली, झाडे राहिली

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर चालले आहे ती सांगते.

२२ फेब्रुवारी २०११ रोजी ख्राइस्टचर्चला मोठा भूकंप झाला. १८५ माणसे गेली. त्यांत आपल्या इस्राएलचे तीन तरुण होते. शहराच्या पूर्वेकडे नदीकाठची जमीन इतकी खचली, खालून वाळू-चिखल वर येऊन इतकी बिघडली, की तिथे पुन्हा राहणे धोक्याचे ठरले. सरकारने हजारो घरे विकत घेऊन पाडली. रस्ते राहिले, पण त्यांच्या कडेला घरे नाहीत. मात्र त्या घरांच्या परसातली झाडे तिथेच राहिली. सफरचंद, नासपती, अलुबुखार, चेरी. कोणाच्या आजोबांनी लावलेली, कोणी मूल झाले म्हणून लावलेली. आता त्यांना कुंपण नाही, मालक नाही. वसंतात ती फुलतात आणि उन्हाळ्यात लोक पिशव्या घेऊन फळे वेचायला जातात.

नातीने मला तिथला एक फोटो पाठवला. मोकळ्या गवतात सफरचंदाचे एक झाड, फुलांनी पांढरे झालेले. शेजारी एका घराच्या दाराकडे जाणारी फरसबंदी, आणि त्या फरसबंदीच्या टोकाला काहीच नाही.

मी तो फोटो खूप वेळ पाहिला. अलिबागजवळच्या आमच्या गावात आमचे घर होते. आम्ही निघालो तेव्हा परसात दोन आंबे आणि एक फणस होता. वीस वर्षांपूर्वी मी गेले होते तेव्हा घराची जोती तेवढी शिल्लक होती. आंबा मोहरला होता.

आपल्याकडे निसान महिन्यात फळझाडांचा पहिला बहर पाहिला की बिर्कत हा-इलानोत म्हणतात. माणसाच्या आनंदासाठी चांगली झाडे निर्माण केल्याबद्दल देवाचे आभार मानायचे. ही बेराखा वर्षातून एकदाच, आणि झाड फळाचे हवे. उद्यानातली शोभेची चेरी त्यासाठी चालत नाही. निसानमध्ये जिथे पानगळ असते, तिथल्या लोकांनी काय करावे? गमारामध्ये निसानचा उल्लेख आहे, तो तिकडे बहराचा महिना म्हणून. आपापल्या प्रदेशात बहर येईल तेव्हा म्हणावी, असे अनेक रब्बींचे मत आहे. म्हणजे रिकार्टनला ती तिशरीत म्हणायची. माझ्या नातीने ती आजवर कधीच म्हटलेली नाही. लहानपणी निसानमध्ये तिला घेऊन जायला तिचे आजोबा होते, पण तेव्हा तिला यायचे नसे. आता ते नाहीत, आणि तीच विचारते आहे, "आजी, ते झाडांचं काय म्हणतात ते शिकवशील?"

बेत असा आहे

यंदा दारफाळणीचा सण सोमवारी, २१ सप्टेंबर २०२६ रोजी आहे. तो मी आपल्या सिनेगॉगमध्ये, नेहमीच्या खुर्चीवर पाळणार. दुसऱ्या दिवशी शिळा सण. आप्तांच्या घरी जाण्याचा दिवस. त्या दिवशी मी निघणार. थेट विमान नाही, वाटेत बदलावे लागते, एक-दीड दिवस जातो. गुरुवारपर्यंत पोहोचायचे, शनिवारी सुक्कोथ. रविवारी २७ तारखेला तिथली घड्याळे एक तास पुढे जातात, ते लक्षात ठेवायचे. तिथली मंडळी योम तोव दोन दिवस पाळतात. आपण पाहुण्यांनी काय करावे हे निघण्यापूर्वी आपल्या रब्बींना विचारावे. यंदा सण लवकर असल्याने डॅफोडिल आणि चेरीची गाठ पडेल, आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत राहिले तर रोडोडेंड्रॉनचीही. थंडी असते, स्वेटर आणि छत्री हवी. मधूनच वायव्येचा गरम वारा सुटतो. ज्या वर्षी शिळा सण शुक्रवारी येतो त्या वर्षी मात्र शब्बाथ संपल्यावरच निघावे.

सुक्कोथच्या मधल्या दिवसांत आम्ही दोघी नदीकाठच्या त्या मोकळ्या गवतात जाणार आहोत. एक सफरचंद आणि एक नासपती तिने हेरून ठेवले आहे. बेराखा मी मोठ्या अक्षरांत लिहून घेतली आहे, हिब्रू आणि खाली मराठी, कारण तिचे मराठी वाचन कच्चे आहे आणि माझे डोळे.

तुमच्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये आहेत, त्यांनी यंदा एलूल लागला की त्यांना एक फोन करून विचारावे, की तुमच्या घराजवळ फळझाड कुठले आहे आणि ते कधी फुलते. जाणे झाले नाही तरी एवढे करता येते.

परत आले की पुढच्या अंकात कळवीन, झाडे वेळेवर फुलली की नाही ते.

हाग सामेआह!